साठ ग्रॅमचा माउस आणि मे महिन्यातलं भुसावळ

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्याच्या उजव्या हाताकडे थोडा वेळ नीट पाहिलं, की कळतं या खेळात बोटांइतकंच मनगटाला राबावं लागतं. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये उजवं बटण दाबून धरून माउस फिरवला की कॅमेरा आणि पात्र वळतं, दोन्ही बटणं एकदम दाबली की पात्र चालू लागतं. ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’मध्ये चालणं, झाड तोडणं, लढणं, पिशवीतला मासा काढून खाणं, सगळं क्लिकवर चालतं. गोळीबाराच्या गेमची फेरी अर्ध्या तासात आटोपते. इथे फेरी नावाचा प्रकारच नाही. शनिवारी जेवण आटोपून बसलेला गडी रात्री दोनला उठतो, तेव्हा माउस त्याच्या हातात चार तास सलग असतो.

असा माउस घ्यायला दुकानात गेलं, की खोक्यावर तीन आकडे ठळक छापलेले दिसतात: वजन, डीपीआय आणि पोलिंग रेट. माझ्या मते या खेळासाठी पहिला आकडा कामाचा, दुसरा निम्मा कामाचा आणि तिसरा बहुतेक वेळा नुसता दिखाऊ. का ते समजून घ्यायला एका क्लिकच्या मागोमाग जावं लागेल.

बटणाखाली एक मायक्रोस्विच असतो. त्यातली धातूची पातळ पट्टी दाबाने झटकन खाली टेकते. ‘टक’ असा आवाज येतो तो तिचाच. टेकताना ती क्षणभर थरथरते, म्हणून माउसमधली चिप काही मिलिसेकंद थांबून खात्री करून घेते. नाहीतर एका दाबाचे दोन क्लिक मोजले जातील. हल्ली महागड्या माउसमध्ये प्रकाशाची तिरीप अडवणारे स्विच येतात. त्यात धातूवर धातू टेकत नाही, त्यामुळे थरथर नाही आणि थांबणंही नाही. रेझरचा २०१९ सालचा व्हायपर या जातीतला.

क्लिक पक्का झाला की माउसमधला रेडिओ तो हवेत सोडतो. हा रेडिओ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५च्या नियमांनी परवान्याशिवाय खुला झाला. त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ आणि माउस सगळे तिथेच गर्दी करतात. बऱ्या गेमिंग माउसचा पोलिंग रेट १००० हर्ट्झ असतो, म्हणजे सेकंदाला हजार वेळा, दर मिलिसेकंदाला एकदा, तो संगणकाला आपली खबर देतो. साधा ऑफिसचा माउस १२५ हर्ट्झचा, म्हणजे ८ मिलिसेकंदांना एक खबर. ब्लूटूथवर जोडलेला माउसही साधारण तिथेच अडकतो, कारण ब्लूटूथ लो एनर्जीच्या आजवरच्या बहुतेक उपकरणांमध्ये दोन भेटींमधलं अंतर ७.५ मिलिसेकंदांच्या खाली जात नाही. गेमसाठी माउससोबत आलेला छोटा रिसीव्हरच वापरा. ब्लूटूथ लॅपटॉपवर अर्ज भरायला ठीक आहे.

इथपर्यंत काय वेळ गेला? रेडिओत एखादा मिलिसेकंद, स्विचमध्ये फार तर काही मिलिसेकंद. आता पुढचा रस्ता पाहा. तुमचा पडदा ६० हर्ट्झचा असेल तर एक चित्र जाऊन दुसरं यायला १६.७ मिलिसेकंद लागतात. मग क्लिक घराबाहेर पडतो. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. आमच्या भुसावळपासून मुंबई रेल्वेने साधारण ४४० किलोमीटर, आणि रुळांच्या कडेने रेल्वेच्याच दूरसंचार कंपनीची, रेलटेलची, फायबर टाकलेली आहेच. तेवढं अंतर जाऊन यायला प्रकाशाला साडेचार मिलिसेकंद पुरतात. सर्व्हर मुंबईत असता तर प्रश्नच नव्हता. पण रोल-प्लेइंगचे मोठे सर्व्हर बहुधा भारताबाहेर असतात. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन निदान ३९ मिलिसेकंद. जर्मनीतल्या फ्रँकफुर्टसाठी निदान ६५. समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत थांबे असतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून बराच मोठा. सप्टेंबर २०२५मध्ये जेद्दाहजवळ लाल समुद्रात केबल तुटल्या, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणारं इंटरनेट रेंगाळलं. त्या आठवड्यात युरोपच्या सर्व्हरवर खेळणाऱ्याचा माउस किती हर्ट्झचा आहे, याला काडीचा अर्थ नव्हता.

एवढं करून क्लिक सर्व्हरवर पोचला तरी तो लगेच मोजला जात नाही. ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’चा सर्व्हर ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतो. ठोक्याच्या आत तुम्ही कधीही क्लिक करा, निकाल ठोक्यावरच लागणार. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये एक मंत्र टाकला की बहुतेक पात्रांना दुसऱ्यासाठी मुळात दीड सेकंद थांबावं लागतं. ‘फायनल फँटसी १४’मध्ये हे थांबणं अडीच सेकंदांचं आहे. आता ८००० हर्ट्झच्या माउसकडे वळा. तो दर ०.१२५ मिलिसेकंदाला खबर देतो, म्हणजे १००० हर्ट्झच्या माउसपेक्षा एका खबरीमागे फार तर पाऊण-एक मिलिसेकंद आधी. सहाशे मिलिसेकंदांच्या ठोक्यापुढे हा एक मिलिसेकंद. त्याची किंमत मात्र बॅटरी मोजते: रेझर व्हायपर व्ही३ प्रो १००० हर्ट्झवर ९५ तास चालतो असं कंपनी सांगते, आणि ८००० हर्ट्झवर १७ तास. कॅमेरा फिरवणं सर्व्हरवर अवलंबून नसतं, ते तुमच्याच संगणकावर होतं, हे खरं. पण ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका चित्रामागे १००० हर्ट्झचा माउस सोळा वेळा खबर देऊन मोकळा झालेला असतो. सेटिंगमध्ये आकडा १०००वर ठेवा आणि विसरून जा.

वजनाची गोष्ट वेगळी. तिचा संबंध घड्याळाशी नाही, मनगटाशी आहे.

वायरलेस माउस पूर्वी जड असायचा तो सेन्सर आणि रेडिओच्या भुकेमुळे. सेन्सर म्हणजे माउसच्या पोटातला एक इवलासा कॅमेरा. खाली दिवा लावून तो टेबलाच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो. प्रत्येक फोटो आधीच्या फोटोशी ताडून आपण किती आणि कुठल्या दिशेला सरकलो ते ठरवतो. मायक्रोसॉफ्टने १९९९मध्ये इंटेलिमाउस एक्सप्लोरर बाजारात आणला, तेव्हा आतला रबरी गोळा जाऊन हा कॅमेरा घरोघर पोचला. हे फोटो काढायला आणि ताडायला वीज लागते, वीज म्हणजे मोठी बॅटरी आणि मोठी बॅटरी म्हणजे वजन. मग सेन्सर आणि रेडिओच्या चिपा कमी विजेवर चालू लागल्या, बॅटरी लहान झाली, प्लास्टिकचं कवच पातळ झालं. लॉजिटेकचा जी प्रो वायरलेस २०१८मध्ये ८० ग्रॅमचा होता. २०२०मध्ये त्याच घराण्यातला सुपरलाइट ६३ ग्रॅमच्या आत आला. रेझरचा व्हायपर व्ही२ प्रो २०२२मध्ये ५८ ग्रॅमवर उतरला. आज साठ ग्रॅमच्या आसपासचा वायरलेस माउस ही काही अपूर्वाई राहिलेली नाही.

पण साठ ग्रॅम म्हणजे हाताला नेमका काय आराम? माउस टेबलावर सरकवताना घर्षण होतं ते त्याच्या वजनापेक्षा तुमच्या तळव्याच्या भारामुळे. संपूर्ण तळवा टेकवून खेळणाऱ्याला ६० आणि ९० ग्रॅममधला फरक सरकवताना जेमतेम जाणवेल. फरक कळतो तो दोन वेळी. एक, हालचाल सुरू करताना आणि अचानक थांबवताना. हलकी वस्तू चटकन निघते, चटकन थांबते. दोन, उचलताना. गेममधला कॅमेरा गोल फिरवता फिरवता माउसपॅड संपतो, मग माउस उचलून मागे आणायचा. चार तासांत ही उचल शेकड्याने होते, आणि ती अंगठा आणि करंगळीच्या चिमटीतून होते. नव्या खेळाडूंची करंगळी दुखते ती याने. लॉजिटेकचा जी६०० हा या खेळांसाठीच केलेला वीस बटणांचा, वायरवाला माउस १३३ ग्रॅमचा होता. साठ ग्रॅमच्या माउसशी तुलना केली तर प्रत्येक उचलीत ७३ ग्रॅम वाचतात.

डीपीआयचा आकडा निम्मा कामाचा म्हटलं ते इथे येतं. डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकला की तो किती पावलं मोजतो. ८०० डीपीआयवर १९२० ठिपक्यांचा पडदा आडवा ओलांडायला २.४ इंच, म्हणजे सहा सेंटीमीटर हात सरकवावा लागतो. १६०० वर तीन. डीपीआय वाढवला की उचल कमी होते. गोळीबाराच्या खेळात नेम साधायचा म्हणून लोक ४०० किंवा ८००वर राहतात. रोल-प्लेइंगमध्ये मोठाले राक्षस आणि ठळक चिन्हं असतात, तिथे १६०० सोयीचं. ३०,००० डीपीआयवर पडदा ओलांडायला दीड मिलिमीटर पुरेल. तो आकडा खोक्यासाठी असतो. पैसे न देता हात हलका करायचा असेल तर आधी डीपीआय वाढवून पाहा, मग दुकानात जा.

हलकेपणाचा एक तोटाही सांगायला हवा. ‘रुनस्केप’च्या पिशवीतल्या अठ्ठावीस खणांवर पटापट क्लिक करताना फार हलका माउस बोटाच्या दाबानेच सरकतो आणि क्लिक शेजारच्या खणावर पडतो. काच किंवा गुळगुळीत पॅडवर हे जास्त होतं. जाड विणीचा, थोडा अडवणारा कापडी पॅड घेतला तर निम्मा त्रास मिटतो. कडप्प्यावर किंवा चकचकीत सनमायकाच्या टेबलावर पॅडशिवाय खेळू नका. कॅमेऱ्याला टिपण्यासारखी खूण तिथे कमी सापडते आणि बाण मधूनच उडी मारतो.

आता भुसावळचा उन्हाळा. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या वर जातो, हे रेल्वे क्वार्टरमधल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. माउसच्या माहितीपत्रकाला मात्र ते ठाऊक नसतं. बहुतेक लिथियम बॅटऱ्या ० ते ४५ अंशांमध्येच चार्ज कराव्यात अशी अपेक्षा असते. वापरताना साधारण ६० अंशांपर्यंत चालतं, पण चार्ज करताना मर्यादा कडक. कारण साधं आहे. चार्ज होताना बॅटरी आतून स्वतःही तापते, आणि उष्णतेत तिच्यातल्या नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात. त्यातून वायू तयार होतो, बॅटरी फुगते, क्षमता कमी होते. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं टेबल, दुपारचे तीन, कूलर बंद आणि लाईट नुकतीच आलेली, अशा वेळी माउस चार्जिंगला लावणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य जाणून-बुजून कमी करणं. पहाटे किंवा रात्री उशिरा लावा. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात पडून राहिली तर ती सर्वांत लवकर म्हातारी होते, म्हणून माउस स्कूटीच्या डिकीत किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू नका. दोन महिने गावाला जायचं तर बॅटरी निम्मी भरून कपाटात ठेवा.

यापेक्षा सोपा मार्ग मला जास्त आवडतो: पेन्सिल सेलवर चालणारा माउस. लॉजिटेकचा जी३०४ एका सेलवर २५० तास चालतो असं कंपनी सांगते, आणि सेलसकट ९९ ग्रॅम भरतो. त्यातला साधा अल्कलाइन सेलच २३ ग्रॅमचा. त्याऐवजी १.५ व्होल्टचा, पुन्हा चार्ज न होणारा लिथियम सेल टाकला तर तो सुमारे १५ ग्रॅमचा, म्हणजे आठ ग्रॅम लगेच उतरतात. काही जण लहान पेन्सिल सेल अडॅप्टरमध्ये बसवून आणखी काही ग्रॅम कमी करतात. असा लहान सेल लवकर संपतो, आणि माउसचा तोलही बदलतो, कारण सेल पाठीच्या खाली असतो. इथे एकच धोका, आणि तो खरा आहे. १४५०० नावाचा ३.७ व्होल्टचा लिथियम सेल दिसायला आणि मापाला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असतो. तो चुकून बसवला तर माउस जळू शकतो. सेलवर छापलेले व्होल्ट वाचल्याशिवाय काही आत घालू नका. आणि अल्कलाइन सेल उन्हाळाभर आत विसरला तर तो गळतो. त्याचा पांढरा क्षार स्प्रिंग खातो.

घामाचं गणित उन्हाळ्यात दोनदा बदलतं. एप्रिलच्या कोरड्या हवेत घाम लगेच उडतो आणि माउसवर मिठाचा थर राहतो, बोटं घसरतात. मग कूलर सुरू होतो, खोलीत दमट हवा कोंडते, आणि कापडी पॅड ओलसर होऊन माउस चिकटल्यासारखा सरकतो. साठ ग्रॅमचा माउस मग ऐंशीचा वाटायला लागतो. पॅड पंधरवड्याने कपड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवून सावलीत वाळवा. माउसच्या अंगावर ओलसर फडकं आणि नंतर कोरडं फडकं, इतकं पुरतं.

धूळ हे भुसावळचं दुसरं दुखणं. उन्हाळ्यात काळ्या मातीचं पीठ उडतं, दीपनगरच्या बाजूला औष्णिक केंद्राची राख असते, आणि कूलरच्या मागच्या जाळीतून त्यातलं बरंच आत येतं. माउसच्या पोटातल्या भिंगावर एक केस जरी अडकला तरी बाण थरथरतो आणि माणूस सर्व्हरला शिव्या देतो. उलटा करून मऊ कोरड्या ब्रशने भिंगाचा खड्डा झाडा. तळाला टेफ्लॉनच्या पातळ चकत्या असतात. त्यांच्यावर माउस तरंगल्यासारखा घसरतो. त्यांच्या कडेला काळी रेघ जमते, ती सुती कापडाने काढा. वजन कमी करायला कवचभर मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडलेले माउस काही वर्षांपूर्वी फार चालले. पुण्या-मुंबईत ज्याने त्याने ठरवावं, खानदेशात मी ते घेणार नाही. आता बंद कवचाचे माउसही तितकेच हलके मिळतात.

रिसीव्हर कुठे लावता याने फरक पडतो, आणि या गोष्टीकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. संगणकाच्या मागच्या बाजूला, निळ्या यूएसबी ३ पोर्टच्या शेजारी तो लावला, आणि त्याच पोर्टात बाहेरची हार्ड डिस्क चालू असली, की माउस अडखळू शकतो. यूएसबी ३ची तार आणि जोडणी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास विद्युत गोंगाट करते. इंटेलने २०१२मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. उपाय स्वस्त आहे. माउससोबत आलेली किंवा वेगळी घेतलेली यूएसबी एक्स्टेन्शन वायर वापरून रिसीव्हर टेबलावर, माउसपासून वीतभर अंतरावर आणा. शेजारच्या चार घरांचे वायफाय त्याच पट्ट्यात असतील, तर संगणकावर आपल्या राऊटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव निवडा. त्याहून बरं म्हणजे संगणकाला राऊटरची वायर थेट लावा. माउसला वायर नाही हे चालतं. गेमच्या इंटरनेटला वायर असलेली बरी.

बटणांचा प्रश्न उरतो. रेझरचा नागा २००९मध्ये अंगठ्याखाली बारा बटणं घेऊन आला, तो या खेळांसाठीच. वीस-पंचवीस मंत्र हाताशी ठेवायचे तर ती बटणं कामाची असतात. पण प्रत्येक बटणाखाली स्विच, पट्टी, आधार आला आणि वजन शंभरच्या पलीकडे गेलं. हलक्या माउसला कडेला दोनच बटणं असतात. त्यांना कीबोर्डच्या शिफ्ट, कंट्रोल आणि ऑल्टची जोड द्या: बटण एकटं, शिफ्टसह, कंट्रोलसह, ऑल्टसह. दोन बटणांची आठ कामं झाली. पहिल्या आठवड्यात बोटं गोंधळतात, नंतर हात आपोआप जातो. माउसच्या स्वतःच्या स्मृतीत ही जोडणी साठवता येत असेल तर दुसऱ्या संगणकावरही ती तशीच राहते. मात्र एका दाबात पाच मंत्र सोडणारी मालिका बनवू नका. ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ चालवणाऱ्या जॅगेक्सचा नियम एका दाबाला एक कृती असा आहे, आणि इतर कंपन्याही आपोआप खेळणाऱ्या साधनांवर खाती बंद करतात.

विकत घेताना वजनाचा आकडा पडताळायचा असेल, तर जळगाव जिल्ह्यात सोनं तोलणाऱ्या काट्यांची वाण नाही. ओळखीचा सराफ हसेल, पण तोलून देईल. मात्र आकड्यापेक्षा हात महत्त्वाचा. दुकानात माउस उघडून हातात धरू देत असतील तर तळवा पूर्ण टेकवून आणि नुसत्या बोटांनी, दोन्ही प्रकारे उचलून पाहा. अंगठा कडेच्या पुढच्या बटणापर्यंत न ताणता पोचला पाहिजे.

वर्ष-दोन वर्षांनी बऱ्याच माउसना एकच आजार होतो: एकदा दाबलं की दोनदा क्लिक. धातूच्या पट्टीवर गंज किंवा मळ बसला की ही थरथर वाढते आणि चिपचं थांबणं कमी पडतं. वॉरंटी असेल तर बदलून घ्या. नसेल तर माउस टाकू नका. मायक्रोस्विच तीन पायांचा साधा भाग आहे, मोबाईल दुरुस्त करणारा कुणीही जुना काढून नवा सोल्डर करून देतो. फक्त त्याला दोन गोष्टी आधी सांगा. स्क्रू बहुधा टेफ्लॉनच्या चकत्यांखाली लपलेले असतात, म्हणून चकत्या गरम हवेने सैल करूनच उचलायच्या, म्हणजे त्या परत लागतात. आणि कवच उघडल्यावर सोल्डरिंग आयर्न हातात घेण्याआधी बॅटरीची पिन काढायची.